फायबरमध्ये पाणी मुरतं कुठे?

प्रश्न असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड पट्ट्यात एका तरुण कंत्राटदाराला मोठ्या गोठ्याचं काम मिळालंय. सोबत मातीचा भार घेणारी संरक्षक भिंत आणि शेणमुताची टाकी. लोखंड तिथे दम धरत नाही म्हणून मालकाला भिंतीत फायबरच्या सळया हव्यात, टाकीला आतून फायबरचं अस्तर हवंय, छपरात उजेडासाठी फायबरचे पत्रे हवेत, आणि पर्यावरणाचं भान म्हणून आतल्या भिंती उसाच्या चिपाडाच्या सिमेंट पॅनेलच्या. विक्रेत्याने शंभर वर्षांची हमी तोंडी दिली आहे. हे खरंच टिकेल का, आणि टिकवायचं तर काय बघायचं?

तोंडी हमी तोंडातच राहू द्या. काचतंतूच्या सळया काँक्रीटमध्ये सर्रास पडायला लागून चार दशकं झाली असतील-नसतील, तेव्हा शंभर वर्षांचा अनुभव जगात कोणाकडेच नाही. जो आकडा सांगतात तो सळईचे तुकडे गरम अल्कलीत बुडवून, ताकद किती घसरली ते मोजून पुढे ताणलेला अंदाज असतो. अंदाज वाईट नाही. पण तो ज्या सळईवर काढला ती सळई आणि तुमच्या साइटवर ट्रकमधून उतरणारी सळई एकच आहे का, हा खरा प्रश्न. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत रेझिन (तंतूंना धरून ठेवणारं, घट्ट होणारं प्लास्टिक) आणि मॅट (काचतंतूंचं जाजम) यांच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

‘फायबर खराब झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा फायबर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी गेलेलं असतं. काचेचा तंतू केसापेक्षा बारीक असतो, ताणाला भलताच मजबूत, पण ओल आणि चुना एकत्र आले की त्याचं काही खरं नाही. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ असतो, आणि एवढ्या अल्कलीत ई-ग्लास या नेहमीच्या स्वस्त काचतंतूतली सिलिका विरघळायला लागते. तंतू तगतो तो भोवतीच्या रेझिनमुळे. म्हणून बघायचं ते रेझिनकडे. साध्या पॉलिस्टर रेझिनच्या साखळीत जागोजागी एस्टरचे बंध असतात, आणि अल्कली नेमके तेच तोडते. व्हिनाइल एस्टरमध्ये ते बंध साखळीच्या टोकांनाच असल्यामुळे हल्ल्याच्या जागा कमी. इपॉक्सी अल्कलीला आणखी चिवट, पण महाग आणि उन्हात लवकर भुकटणारी.

पाणी मुरायचे रस्ते तीन. पहिला रेझिनमधून, सावकाश. हा कोणालाच पूर्ण बंद करता येत नाही. दुसरा काच आणि रेझिन यांच्या सांध्यातून. कारखान्यात तंतूवर सायलेनचा एक अतिपातळ थर देतात, तो एका बाजूने काचेला आणि दुसऱ्या बाजूने रेझिनला धरतो. पॉलिस्टरसाठी लेप दिलेलं फायबर स्वस्तात मिळालं म्हणून इपॉक्सीत वापरलं, तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दोन पावसाळ्यांनंतर कळतं. तिसरा रस्ता म्हणजे आतली पोकळी, बारीक तडे आणि कापलेली टोकं. आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या रस्त्याने आलेल्या असतात, आणि तो रस्ता बंद करणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

आता सळया. लोखंड सोडून फायबर घ्यावं का, याचं माझं उत्तर दर वेळी ‘हो’ नसतं. कोल्हापूर शहरात, समुद्रापासून घाट ओलांडून इतकं आत, नीट मिसळलेल्या काँक्रीटमध्ये पुरेसं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) देऊन घातलेलं लोखंड उत्तम चालतं. जिथे ते कुजलं तिथे उकरून बघा, कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे ठेवलेले सापडतील. तो रोग फायबरने बरा होत नाही. पण तुमची जागा वेगळी आहे. शिरोळच्या क्षारपड जमिनीत उसाला वर्षानुवर्षं दिलेल्या पाण्याने क्षार वर आलेत, पाण्याची पातळी उथळ आहे, आणि २००५, २०१९, २०२१ सारखा पूर आला की भिंत दिवसचे दिवस पाण्यात उभी राहते. क्लोराइड आणि ओल दोन्ही मिळाल्यावर लोखंडाला गंजायला निमित्त लागत नाही. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं सांडपाणी, गॅल्व्हनायझिंगचे आम्लाचे हौद, डिस्टिलरीच्या टाक्या या जागाही अशाच. इथे फायबरची सळई शोभते.

मात्र विक्रेत्याचं दुसरं वाक्य विसरून जा: ‘ताकद दुप्पट, म्हणून सळई निम्मी लागते.’ ताकद जास्त आहे हे खरं, पण ताठपणा लोखंडाच्या साधारण पाव. लोखंडाचा ताठपणाचा मापांक २०० गिगापास्कल, काचेच्या सळईचा साधारण ४५ ते ५५. म्हणजे तेवढ्याच भाराला ही सळई चौपट ताणते, भिंतीला तडे रुंद पडतात, भिंत जास्त झुकते. हिशोब ताकदीवर नाही, तड्याच्या रुंदीवर अडतो. त्यात तुमची भिंत मातीचा दाब दिवसरात्र अंगावर घेणार. सतत ताणाखाली ठेवलेली काच कालांतराने अचानक तुटू शकते, म्हणून कायमच्या भाराला सळईच्या ताकदीचा एक लहानसा हिस्साच वापरायची परवानगी असते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या जुन्या मार्गदर्शिकेत तो ०.२० होता, २०२२ च्या संहितेत ०.३० केला. तुमच्या डिझायनरने यातला कुठला धरलाय ते विचारा. त्याला हा प्रश्नच नवीन वाटला तर डिझायनर बदला.

आणि इमारतीच्या कॉलम-बीमच्या सांगाड्यात या सळया घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. लोखंड तुटण्याआधी लांबतं, इशारा देतं. ही सळई शेवटपर्यंत सरळ रेषेत ताणते आणि तुटते. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी बघितलाय त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवाय आग. शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे रेझिन मऊ पडतं आणि काँक्रीटची पकड सुटते. संरक्षक भिंत, पाया, रस्त्याचा स्लॅब, गटार, टाकी इथपर्यंत ठीक.

सळई निवडताना कागद मागायचा तो असा. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली काँक्रीटसाठीच्या काचतंतू सळयांचं मानक काढलंय, आयएस १८२५६. त्याआधीपासून अमेरिकेचं एएसटीएम डी७९५७ चालत आलंय आणि निर्यात करणारे कारखाने त्याचे अहवाल देतात. त्यातले चार आकडे बघा. तंतूचं प्रमाण वजनाने किमान ७० टक्के. रेझिन पिकल्याचं, म्हणजे पूर्ण घट्ट झाल्याचं, प्रमाण किमान ९५ टक्के. रेझिन मऊ पडायला लागण्याचं तापमान किमान १०० अंश सेल्सिअस. आणि ६० अंशांच्या अल्कलीत ९० दिवस ठेवल्यावर उरलेली ताकद किमान ८० टक्के. हा चौथा आकडा ज्याच्याकडे नाही त्याने टिकाऊपणावर बोलू नये. अहवालावरचा बॅच नंबर आणि बंडलावरचा नंबर जुळतो का तेही बघा. पुष्कळदा अहवाल एकच असतो आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांकडे फिरत असतो. रेझिन व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी, काच ईसीआर जातीची. ही काच बोरॉनशिवाय बनते, आम्लात साध्या ई-ग्लासपेक्षा बरीच तगते, आणि शेणमूत, मळी, सांडपाणी असल्या जागी वरचे पैसे वसूल करून देते.

एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. बंडलातून कोणतीही एक सळई ओढा. डायमंड ब्लेडने इंच-इंचाचे पाच-सहा तुकडे कापा, दोन्ही तोंडं बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासून आरशासारखी करा, पुसून पूर्ण वाळवा. बशीत दोन-तीन मिलिमीटर लाल रंगाचं द्रावण घ्या, स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग चांगला, आणि तुकडे त्यात उभे करा. वरच्या तोंडाकडे भिंगातून बघत राहा. पंधरा-वीस मिनिटांत वर लाल ठिपके उगवले, तर आत खालपासून वरपर्यंत सलग पोकळी आहे, म्हणजे पाण्याला नळी तयारच आहे. ठिपका नाही, तर सळई बनताना रेझिन तंतूंत सगळीकडे मुरलंय. हीच चाचणी प्रयोगशाळेत नीट मापाने होते, पण बंडल परत पाठवायचं की नाही हे ठरवायला बशी पुरते. मी सप्लायरसमोरच करतो. न बोलता भाव कमी होतो.

साइटवरच्या गोष्टी आता, कारण सगळं चांगलं घेऊन तिथेच माती होते. फिटर लोकांना लोखंडाची सवय. ते सळई बार कटरमध्ये घालून दाबून तोडतात. फायबर अशाने कापत नाही, चिरडतं, आणि टोकापासून आत बोटभर चिरा जातात. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावूनच कापायची, तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या. कापलेल्या प्रत्येक टोकाला इपॉक्सीचा हात मारा. काम पाच मिनिटांचं, पण टाळलं जातं. वाकवायची तर नाहीच. गरम करून वाकवलेली सळई दिसली की ती बाजूला काढा. आतल्या बाजूचे तंतू चुरमडलेले असतात. कोपरे आणि रिंगा कारखान्यातून वाकवूनच मागवाव्या लागतात, आणि तिथेही बाकाशी ताकद सरळ सळईच्या निम्म्यापर्यंत घसरते हे डिझाइनमध्ये धरलेलं असावं लागतं. माल उन्हात महिनोन्‌महिने पडू देऊ नका, ताडपत्रीखाली ठेवा. बांधायला प्लास्टिकची पट्टी किंवा प्लास्टिक चढवलेली तार. आणि सळई हलकी असते, लोखंडाच्या पाव वजनाची, त्यामुळे व्हायब्रेटर लागला की ती काँक्रीटमध्ये वर तरंगते. जाळी खाली जखडून बांधली नाही तर सेंट्रिंग काढल्यावर जाळी भलत्याच ठिकाणी सापडेल.

कव्हर कमी करायचा मोह होतो, कारण गंज नाही. तो आवरा. सळई लांबीच्या दिशेने काँक्रीटइतकीच प्रसरण पावते, पण आडव्या दिशेने दुपटीहून जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या भिंतीत कव्हर पातळ असेल तर सळई आतून काँक्रीट फोडते, आणि त्या तड्यातून पाणी आत.

काँक्रीटमध्येच थोडी मेहनत घेतली तर सळईचं आयुष्य वाढतं. स्लॅग सिमेंट वापरा, किंवा फ्लाय अॅश असलेलं पीपीसी, आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या वर जाऊ देऊ नका. पीएच त्याने थोडाच उतरतो, पण मोकळा चुना कमी होतो आणि काँक्रीट घट्ट होतं, पाण्याची वाट लांबते. क्षारपड जमिनीत सल्फेट असतं ते सळईला नाही, खुद्द काँक्रीटलाच खातं. त्यावरही स्लॅगच कामी येतं. मिक्सरचं पाणी बोअरचं असेल तर तपासून घ्या. आणि भिंतीला वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायला पाइपची भोकं, ठेवा, मागे खडीचा थर आणि जाळीचं कापड द्या. भिंतीमागे पाणी साचलं नाही की दाबही घटतो आणि ओलही. विशेष सळईवर हजारो रुपये घालणारे लोक या पाइपच्या तुकड्यांवर कंजुषी करतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

‘मग खऱ्या बांधकामात टिकतात का?’ टिकल्याचा पुरावा आहे. कॅनडात पाच ते आठ वर्षं वापरात असलेल्या पूल-धक्क्यांसारख्या पाच बांधकामांतून काँक्रीटचे गाभे काढून आतल्या काचेच्या सळया सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. काच आणि रेझिन दोन्ही जागच्या जागी होते, अल्कलीने खाल्ल्याची खूण नव्हती. प्रयोगशाळेतल्या बुडवून ठेवलेल्या तुकड्यांपेक्षा हे चित्र खूप चांगलं आहे, कारण खरं काँक्रीट सदासर्वकाळ ओलंचिंब नसतं. पण दोन गोष्टी विसरू नका. पाच-आठ वर्षं म्हणजे आयुष्य नव्हे. आणि कॅनडाची थंडी म्हणजे शिरोळचा मे महिना नव्हे. अशा रासायनिक क्रिया तापमानासोबत वाढत जातात. तिथला निष्कर्ष दिशा दाखवतो, वर्षांचा आकडा नाही.

टाकीच्या अस्तराकडे मी जास्त लक्ष दिलं असतं, कारण ते काम कारखान्यात नाही, हाताने, जागेवर, आणि बहुतेक वेळा पावसाळ्याच्या तोंडावर होतं. शेणमुताच्या टाकीत अमोनिया असतो, वरच्या कोरड्या भागात हायड्रोजन सल्फाइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि ते काँक्रीटला वरून पोखरतं. म्हणजे पाण्याच्या पातळीवरची पट्टी आणि झाकणाची खालची बाजू सगळ्यात आधी जाते, तळ नाही. अस्तर छतापर्यंत न्या.

थर कसे द्यायचे ते नीट बघा. द्रवाला लागणारा पहिला थर जवळजवळ सगळा रेझिनचाच असतो. त्यात सी-ग्लासचं (रसायनाला तगणाऱ्या काचेचं) किंवा सिंथेटिक तंतूचं पातळ टिश्यू, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत. त्याच्यामागे चॉप्ड मॅटचे दोन तरी थर, रेझिनचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास. ताकद देणारं विणीचं कापड त्याच्याही मागे, काँक्रीटच्या बाजूला. आपल्याकडे उलटं होतं: मॅट संपवायची घाई, टिश्यूचा पत्ता नाही, आणि वर चकचकीत रंग. काचेचं टोक एकदा द्रवाला उघडं पडलं की द्रव वातीसारखा आत ओढला जातो.

काँक्रीट आधी सँडब्लास्ट किंवा ग्राइंड करा, वरची भुकटी साय निघेपर्यंत. काँक्रीटवर मीटरभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली घाम दिसला तर काम सुरू करू नका. जुलैच्या हवेत मॅटचा गुंडाळा उघडा ठेवला की तो ओल पितो, आणि ती ओल नंतर पांढुरक्या डागांच्या, फोडांच्या रूपाने बाहेर येते. हार्डनर किती टाकायचं ते रेझिनच्या वजनावर मोजा, बहुतेक पॉलिस्टर आणि व्हिनाइल एस्टरला एक ते दोन टक्के. कारागीर ‘अंदाजाने’ टाकतो. थंड दिवशी जास्त, गरम दिवशीही जास्त, कारण त्याला घरी लवकर जायचं असतं. जास्त टाकलेलं रेझिन पटकन गोठतं पण आतून पूर्ण पिकत नाही. कोबाल्ट (गोठणं वेगात आणणारं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं, मग हार्डनर. हे मी प्रत्येक नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

पिकलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घ्या आणि एकाच जागी अर्धा मिनिट घासा. जागा चिकट झाली किंवा फडक्यावर रंग आला, तर रेझिन कच्चं आहे. वरचा शेवटचा हात मेणमिश्रित असला पाहिजे, नाहीतर हवेतला ऑक्सिजन पृष्ठभाग पिकूच देत नाही. बारकोल हार्डनेसचं, म्हणजे कडकपणा मोजायचं, यंत्र हातात मावतं. रेझिन कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या नव्वद टक्के तरी वाचन यायला हवं. टाकी भरायच्या आधी आठ-दहा दिवस जाऊ द्या, आणि जमलं तर झाकण लावून आत गरम हवेचा ब्लोअर सोडा, तासनतास. नंतर गरम करून पूर्ण पिकवलेलं आणि नुसतं वाळलेलं अस्तर यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. एवढा फरक महाग रेझिन घेऊनही पडत नाही. शेवटी नाण्याने सगळीकडे ठोकत फिरा. पोकळ आवाज आला तिथे कापून परत भरा.

छपराचे पत्रे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या फाउंड्री शेडमध्ये वर बघा: एकेकाळी दुधाळ असलेला पत्रा आता चहाच्या रंगाचा झालाय. वर चढून हात फिरवला तर कातडीत काचेची कुसं घुसतात आणि दिवसभर खाज सुटते. उन्हाने वरचं पॉलिस्टर भुकटून वाहून गेलं आणि तंतू उघडे पडले, एवढंच झालंय. पत्रा घेताना वरच्या बाजूला यूव्ही फिल्म (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) चिकटवलेला घ्या, नुसतं ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहिलेलं पुरत नाही, आणि फिल्मची बाजू वर येतेय ना ते पत्रा बसवणाऱ्याला दाखवून द्या. जुन्याला सुटे तंतू घासून काढून वर पॉलियुरेथेनचा कोट दिला तर आणखी काही वर्षं निघतात.

याच जातीचा प्रश्न आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांवर येतो. लोखंडी बरगे (पाणी अडवायला खाचेत घालायच्या फळ्या) गंजतात आणि चोरीलाही जातात, म्हणून फायबरचे बरगे आले. त्यांना भंगारात भाव नाही, त्यामुळे चोर तिकडे बघतही नाही. हा टिकाऊपणाचा प्रकार कुठल्या मानकात सापडणार नाही. पण पावसाळ्याआधी काढून काठावर उघड्यावर रचून ठेवलेला बरगा उन्हाने झिजतो, आणि खाचेत घालता-काढताना कडा फुटतात. कडांना झिजपट्टी, रचलेल्या ढिगावर ताडपत्री, आणि दर उन्हाळ्यात फुटलेल्या कडांना रेझिन. एवढं केलं तर प्रश्न बराचसा सुटतो.

राहिली चिपाडाची पॅनेल. कल्पना मला आवडते, पण इथे घाई नको. पहिली अडचण साखर. सिमेंटच्या वजनाच्या ०.२ ते १ टक्का साखर सिमेंट जवळजवळ घट्ट होऊच देत नाही. साखर कारखान्याच्या बगॅसमध्ये, म्हणजे तिथल्या चिपाडात, साखर कमी उरते, पण गुऱ्हाळावरच्या चरकातून निघालेल्या चिपाडात भरपूर असते. तेव्हा गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मधला भुसा चाळून काढून, फक्त सालीचे लांब तंतू घ्या. दुसरी अडचण चुना. उसाच्या तंतूत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. सिमेंटची अल्कली शेवटची दोन आधी खाते आणि चुना तंतूच्या पोकळीत जाऊन बसतो. वरून पॅनेल धड दिसतं, पण आधी वाकून तग धरणारं पॅनेल काही पावसाळ्यांनंतर बिस्किटासारखं कटकन मोडतं.

उपाय चुना संपवण्याचा. ब्राझीलमध्ये सिसलच्या (घायपाताच्या) तंतूंवर काम करताना सिमेंटचा निम्मा भाग भाजलेल्या मातीच्या भुकटीने बदलला, तेव्हा मोकळा चुना उरलाच नाही आणि तंतू टिकले. आपल्याकडे मेटाकाओलिन (भाजलेली चिनी माती) मिळतं. सहवीज प्रकल्पांच्या बॉयलरमधली बगॅसची राख हाही पर्याय आहे, तिच्यात सिलिका भरपूर. पण राख जशीच्या तशी घेऊ नका. काळी, अर्धवट जळालेली राख पाणी पिते आणि ताकद घटवते. चाळून, पुन्हा भाजून, सिमेंटइतकी बारीक दळली तरच ती पोझोलान, म्हणजे चुन्याशी जुळून घट्ट होणारी भुकटी, म्हणून काम करते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख तर प्रत्येक आधणाला वेगळी. पॅनेल विकणाऱ्याला एकच विचारा: ओलं-सुकं अशा पंचवीस-पन्नास फेऱ्यांनंतर वाकवण्याची चाचणी केली आहे का? नसेल, तर हे पॅनेल गोठ्याच्या आत, जमिनीपासून तीन-चार फूट वर, शेणमुताचा शिंतोडा आणि पावसाची झड लागणार नाही तिथेच लावा. खालचा भाग विटांचा किंवा काँक्रीटचा ठेवा.

याच ओघात एक धोक्याची सूचना. कोणी फायबरच्या दुकानातली साधी मॅट कापून प्लास्टरमध्ये किंवा पातळ पॅनेलमध्ये घालायला सांगेल. ती ई-ग्लास असते, उघड्या सिमेंटमध्ये काही वर्षांत ठिसूळ होते. याच कारणाने ब्रिटनमध्ये ए. जे. मजुमदार यांच्या कामातून झिर्कोनिया घातलेली अल्कलीविरोधी काच पुढे आली. सिमेंटात मिसळायची काच घ्यायची तर तीच, झिर्कोनिया १६ टक्क्यांच्या वर.

पर्यावरणाबद्दल मालक विचारेल तर त्याला खरं ते सांगा. लोखंडाची सळई शंभरदा वितळते. आपल्या शिरोलीच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. पिकलेलं थर्मोसेट रेझिन पुन्हा वितळत नाही, भंगारवाला ते घेत नाही, फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन आणि कच्चा माल म्हणून जातं. म्हणून फायबर ‘हिरवं’ ठरतं ते फक्त एकाच हिशोबाने: ते लोखंडापेक्षा खूप जास्त वर्षं उभं राहिलं तर. दहा वर्षांत बदलावं लागलेलं फायबरचं अस्तर हा शुद्ध कचरा आहे. त्यामुळे बजेट तोकडं असेल तर चिपाडाची पॅनेल पुढच्या टप्प्यावर ढकला, पत्रे कमी लावा, पण टाकीच्या अस्तराचं टिश्यू, व्हिनाइल एस्टर आणि पिकवण्याचे दिवस कापू नका.

शेवटचं काम भिंत ओतताना करा. त्याच बंडलातल्या सळईचे मीटर-मीटरचे डझनभर तुकडे त्याच काँक्रीटच्या ठोकळ्यांत घालून, टोकं बंद करून, भिंतीच्या पायथ्याशी पुराचं पाणी पोचेल अशा जागी पुरा आणि नकाशावर खूण करा. चार-पाच वर्षांनी दोन ठोकळे उकरून आतल्या सळया कोल्हापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओढून ताकद मोजायला द्या. पहिल्या दिवशी ओढलेल्या तुकड्यांचे आकडे बिलाच्या फाइलमध्येच लावून ठेवा, म्हणजे तुलना करायला दुसऱ्या कोणाचा अहवाल लागणार नाही.